आहारविचार : अंगकांति आणि ताटांतलें अन्न

गेल्या कांहीं महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांतून एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारलेला आढळतो. कोलॅजन नांवाची पूड पाण्यांत किंवा दुधांत कालवून घेतली म्हणजे चेहऱ्यावरील सुरकुत्या मावळतात, केंस दाट होतात आणि गुडघे धरत नाहींत, असें जाहिराती सांगतात. तें कितपत खरें, आणि ती पूड आपल्या घरांत चालण्यासारखी आहे काय? प्रश्नाचा पूर्वार्ध घरांतील सुना-मुलींचा असावा आणि उत्तरार्ध सासूबाईंचा, असा आमचा तर्क आहे. दोघींचें समाधान एकाच लेखांत करावयाचें तर विषय जरा मुळापासून घ्यावा लागेल. तो घेतांना आम्ही चंद्रपूर आणि १९८२ सालीं त्यांतून वेगळा झालेला गडचिरोली या दोन वनमय जिल्ह्यांकडे पुनःपुन्हां वळणार आहों. त्वचेला जें घडवितें आणि जें बिघडवितें, तें दोन्ही तेथील रानांत, शेतांत आणि दुर्दैवानें तेथील पानठेल्यांवरहि पाहावयास मिळतें.

सासूबाईंच्या प्रश्नाचें उत्तर थोडक्यांत देतां येतें, म्हणून तें आधीं. कोलॅजन हें प्राण्यांच्या शरीरांत तयार होणारें प्रथिन आहे. आपण खातों त्या कोणत्याहि भाजींत, फळांत वा धान्यांत तें नसतें. बाजारांतील पूड गुरांच्या कातड्यापासून व हाडांपासून, डुकराच्या कातडीपासून किंवा माशांच्या कातडीपासून व खवल्यांपासून काढलेली असते. औषधांच्या पुष्कळशा कॅपसुलांचें वेष्टन ज्या जिलेटिनचें असतें, तें जिलेटिनहि कोलॅजन शिजवूनच केलेलें असतें. ‘शाकाहारी कोलॅजन’ म्हणून जें विकतात त्यांत कोलॅजन सहसा नसतेंच. तें घडविण्यास उपयोगी पडणारीं अमिनो आम्लें, क जीवनसत्त्व आणि कांहीं वनस्पतींचे अर्क यांचें तें मिश्रण असतें. डब्यावरील चिन्ह आणि घटकांची यादी चष्मा लावून वाचावी, एवढेंच आम्ही सांगूं. शाकाहार पाळणाऱ्या घराला ही पूड चालणार नाहीं. आणि तिच्यावांचून त्या घराचें कांहीं अडतहि नाहीं, हें पुढें दिसेल.

आतां सुनबाईंचा प्रश्न. आपल्या शरीरांतील एकूण प्रथिनांपैकीं सुमारें एक-तृतीयांश कोलॅजनच असतें. त्वचेंतील पाण्याचा अंश वगळला तर उरलेल्या भागांत सुमारें तीन-चतुर्थांश तेंच. हाडें, कूर्चा, स्नायूंचे बंध, हिरड्या, रक्तवाहिन्यांच्या भिंती, सगळीकडे याच सूत्राची वीण आहे. ती वीण कशी असते हें उलगडण्याचा मान आपल्या देशाकडे जातो. मद्रास विद्यापीठांत गोपालसमुद्रम् नारायण रामचंद्रन् व त्यांचे सहकारी गोपीनाथ कर्था यांनीं १९५४ सालीं असें मांडलें कीं, कोलॅजन म्हणजे तीन पदरांचा पेड आहे; आणि पुढच्याच वर्षीं त्यांनीं तें चित्र अधिक नेमकें केलें. आपल्या घरांतील मुलींची तिपेडी वेणी डोळ्यांपुढें आणावी, म्हणजे ही कल्पना लगेच समजते. प्रत्येक पदर म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ. तींत दर तिसरा मणी ग्लायसीन या सर्वांत लहान आम्लाचा असतो, कारण पेडाच्या आंतल्या अंगाला याहून मोठा मणी मावतच नाहीं. उरलेल्या मण्यांत प्रोलीन व लायसीन यांचें महत्त्व फार. माळ ओंवून झाल्यावर या दोन प्रकारच्या मण्यांपैकीं कांहींवर ऑक्सिजनाची एक बारीक गांठ बसवावी लागते. प्रोलीनवरची गांठ नीट बसली नाहीं तर शरीराच्या साध्या उष्णतेनेंहि वेणी सुटते. ही गांठ बसविणाऱ्या विकरांना लोह लागतें, आणि तें लोह कामाच्या अवस्थेंत राखण्यास क जीवनसत्त्व लागतें. शेवटीं तयार झालेले पेड पेशीबाहेर एकमेकांस टांके घालून जोडले जातात. तें शिवणकाम करणाऱ्या विकराला तांबें लागतें. पुरेसें प्रथिन, थोडें लोह, किंचित् तांबें आणि रोजचें क जीवनसत्त्व, एवढी सामग्री असली कीं शरीर आपलें कोलॅजन आपणच घडवितें.

यांतील क जीवनसत्त्व नाहींसें झालें म्हणजे काय होतें, तें खलाशांनीं आपल्या जिवावर शिकून ठेविलें आहे. महिनोन्‌महिने ताजी भाजी-फळें न मिळालेल्या त्या लोकांच्या हिरड्या सुजत, त्यांतून रक्त येई, अंगावर जांभळे डाग उठत, आणि वर्षांपूर्वीं भरलेल्या जखमा पुन्हां उकलत. हा स्कर्व्ही रोग. जखमेचा वण हाहि कोलॅजनचाच केलेला असतो, आणि त्याची वीण शरीर सतत उसवून नवी घालीत असतें. नवी घालणें थांबलें कीं जुना वण उघडतो. १७४७ सालीं जेम्स लिंड या जहाजावरील वैद्यानें बारा आजारी खलाशांच्या सहा जोड्या केल्या व प्रत्येक जोडीला निराळा उपचार दिला. ज्या दोघांना रोज दोन संत्रीं व एक लिंबू मिळालें ते सहा दिवसांत, फळें संपेपर्यंत, लक्षणीय सुधारले. त्या फळांतील द्रव्य हातीं लागण्यास मात्र १९२८ साल उजाडावें लागलें. तें वेगळें काढणारे हंगेरीचे सेंट-ज्यॉर्जी यांना १९३७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

मग खाल्लेलें कोलॅजन चेहऱ्यावर जातें कीं नाहीं? आजेसासूबाईंच्या पाटल्या सोनाराकडे आटवावयास दिल्या तर त्यांतून पुन्हां पाटल्याच निघतील असें कोणी सांगूं शकेल काय? सोनें आटतें, पुढें त्याचें काय करावयाचें तें मालकाच्या मागणीवर. पोटांत गेलेलें कोलॅजन असेंच आटतें. त्याचीं अमिनो आम्लें होतात आणि कांहीं दोन-तीन मण्यांचे तुकडे रक्तांत उतरतात. तें सोनें मग शरीर आपल्या गरजेप्रमाणें वापरतें. गालाला द्या अशी चिठ्ठी त्याला जोडलेली नसते. हे लहान तुकडे त्वचेंतील पेशींना जागें करतात असा विक्रेत्यांचा पक्ष आहे, आणि त्याच्या बाजूचे कांहीं प्रयोगहि प्रसिद्ध झाले आहेत. परंतु २०२५ सालीं अशा तेवीस प्रयोगांचा एकत्र विचार करण्यांत आला, तेव्हां जे प्रयोग कंपन्यांच्या पैशानें झालेले नव्हते त्यांत त्वचेला फायदा दिसून आला नाहीं. जे अधिक काटेकोरपणें केलेले होते त्यांतहि नाहीं. यापेक्षां अधिक भाष्य करण्याची जरुरी आम्हांस वाटत नाहीं. त्या डब्याच्या किमतींत घरांत महिनाभर दूध, डाळ आणि फळें किती येतात याचा हिशेब प्रत्येक गृहिणीला आमच्याहून चांगला करतां येईल.

त्यापेक्षां चंद्रपूरच्या रानाकडे वळूं. मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी या बाजूला आणि पुढें वैनगंगेपलीकडे गडचिरोलींत कार्तिक-मार्गशीर्षांत रानआवळा पिकतो. आकारानें तो बागेंतल्या आवळ्याच्या निम्माहि नसतो, चवीला तुरट, पण फळ तेंच. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या कोष्टकांत शंभर ग्रॅम आवळ्यांत ६०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व दिलेलें आहे. तिच्याच २०१७ च्या नव्या कोष्टकांत हा आंकडा २५० च्या घरांत उतरला आहे. जात, जमीन, फळाची पक्वता आणि मोजण्याची रीत यांनीं एवढें अंतर पडूं शकतें, म्हणून जुन्या आंकड्यावर भाळणाऱ्यांनीं जरा सबुरीनें घ्यावें. पण नवा आंकडाच धरला तरी काय? याच संस्थेनें २०२० सालीं ठरविलेल्या प्रमाणांत पुरुषाला रोज ८० व स्त्रीला ६५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व पुरेसें मानलें आहे. अंगावर पाजणाऱ्या आईला ११५. म्हणजे बागेंतला एक मध्यम आवळा किंवा रानांतले दोन-तीन, एवढ्यांत दिवसाची बेगमी झाली. १९३९-४० च्या दुष्काळांत हिसारकडे स्कर्व्हीची साथ आली असतां ती आवळ्यानें आटोक्यांत आणली गेली, आणि दुसऱ्या महायुद्धांत हिंदी सैनिकांना आवळ्याची पूड व वड्या पुरविण्यांत आल्या. आपल्याकडे आवळीभोजनाची चाल आहे, तुळशीच्या लग्नांत बोरें, चिंच, आवळे लागतात. तो दिवस गेला कीं आवळा लोणच्याच्या बरणींत जाऊन बसतो, याचें मात्र आम्हांस वाईट वाटतें.

क जीवनसत्त्वाचे शत्रु तीन : उष्णता, हवा आणि तांबें. आवळा वाफवून साखरेच्या पाकांत शिजविला कीं त्यांतील बराच भाग जातो. उरतो तो आवळ्यांतील तुरट द्रव्यांच्या आश्रयानें टिकतो असें मानतात. मोरावळा टाकाऊ नाहीं, पण त्यांतील साखर विसरून रोज वाटीभर खाऊं नये. रक्तांतील साखर सतत चढलेली राहिली तर ती कोलॅजनच्या पेडांस चिकटते व ते ताठर होतात. मधुमेही माणसाची त्वचा जाड व कडक होते त्यामागें हेंहि एक कारण आहे. आंबट पदार्थ कल्हई गेलेल्या पितळी भांड्यांत ठेवूं नये, असा वडील बायकांचा दंडक असे. तो विषबाधेच्या भीतीनें असे, आणि ती भीति खरीच होती. पण उघड्या पडलेल्या तांब्याच्या स्पर्शानें क जीवनसत्त्वहि झपाट्यानें नासतें, हें त्यांच्या पथ्यावर पडत असे. आवळा नसेल त्या दिवसांत पेरू आहे. जुन्या-नव्या दोन्ही कोष्टकांत तो २०० च्या वर उभा आहे, आणि ज्या नागपुरी संत्र्याचा आपल्याला एवढा अभिमान, तें त्याच्या पासंगालाहि पुरत नाहीं. विदर्भांत कोथिंबिरीला सांबार म्हणतात. तो चिरून वरणाच्या उकळींत टाकण्यापेक्षां पान वाढल्यावर वरून घातला आणि त्यावर लिंबू पिळलें तर चवीचें व शरीराचें दोन्ही साधतें. मोहफुलांच्या लाडवांची हल्लीं बरीच वाहवा होते. मोहफूल गोड आहे, भुकेच्या दिवसांत त्यानें या जंगलांतील कित्येक पिढ्या तारल्या आहेत, त्याबद्दल आदरच असावा. परंतु सुकलेलें फूल म्हणजे मुख्यतः साखर, आणि त्यानें कांति उजळते असें म्हणण्यास आधार नाहीं.

प्रथिनांकडे येऊं. दोन्ही जिल्ह्यांचा पूर्वभाग भाताचा. नागभीड तालुक्यांतील नांदेड या खेड्यांत राहून एच. एम. टी. तांदळाचें वाण निवडून काढणारे दादाजी खोब्रागडे यांचें नांव वाचकांना ठाऊक असेलच. २०१८ सालीं ते वारले. तांदूळ कितीहि बारीक व सुवासिक असला तरी त्यांत लायसीनची कमतरता असते, आणि कोलॅजनच्या शिवणींत तर लायसीनचाच टांका. डाळींत लायसीन भरपूर आणि भातांत डाळीला कमी पडणारीं दुसरीं आम्लें. म्हणून वरणभात ही जोडी शास्त्राच्या कसोटीला उतरते. फक्त वरण हें वरण असावें. पातेल्यांत पाणी वाढवून चौघांचें वरण आठांना पुरविलें तर जोडी नांवाचीच राहते. वजनाच्या दर किलोमागें ०.८३ ग्रॅम प्रथिन हें निरोगी प्रौढाचें प्रमाण आहे. पंचावन्न किलो वजनाच्या स्त्रीला दिवसाचे सुमारें ४६ ग्रॅम. दोन वेळां घट्ट वरण, एक उसळ, दूध-दही-ताक, मूठभर शेंगदाणे किंवा तीळ आणि पोळी-भात यांत तें भागतें. ग्लायसीन व प्रोलीन तर शरीर स्वतःच बनवूं शकतें. त्यांच्याकरितां गुराच्या कातड्याकडे जावयास नको.

येथें लाखोळीच्या डाळीविषयीं दोन शब्द लिहिणें प्राप्त आहे. भाताचें पीक उभें असतांनाच ओल्या बांधींत लाखोळी फेंकून पेरण्याची या भागांत जुनी रीत आहे. तींत प्रथिन विपुल, पण एक विषारी आम्लहि असतें, आणि दुष्काळांत महिनोन्‌महिने तीच खाल्ली गेली तर पाय लुळे पडतात. आयुर्वेदांतील कलायखंज तो हाच असावा. १९६१ सालीं तिच्या विक्रीवर बंदी घालण्याचा नियम झाला. पुढें रतन, प्रतीक, महातिवडा अशीं कमी विषाचीं वाणें निघालीं. गंमत अशी कीं, हिची एक बहीण, बंगल्यांच्या कुंपणावर सुवासिक फुलांसाठीं लावतात ती स्वीट पी, तिच्या बियांत निराळेंच विष असतें; आणि तें कोलॅजनचे टांके घालणाऱ्या त्या तांब्याच्या विकरालाच बंद पाडतें. तीं बियाणें खाऊं घातलेल्या उंदरांचीं हाडें वांकडीं होतात व कातडी दुबळी पडते. लाखोळीचें विष मज्जातंतूंचें, या फुलझाडाचें विष कोलॅजनचें. लाखोळी घरांत येत असेलच तर गरम पाण्यांत भिजवून तें पाणी ओतून द्यावें आणि ती अधूनमधून, इतर डाळींच्या जोडीला वापरावी, रोजची डाळ करूं नये.

आतां ज्या गोष्टीकरितां हा लेख आम्ही मुख्यतः लिहावयास घेतला ती. एकत्र कुटुंबांत अन्न कमी पडत नाहीं. पण तें सर्वांच्या ताटांत सारखें पोंचतें काय? पुरुष आणि मुलें जेवून उठलीं, पाहुणे झाले, मग बायकांची पंगत, असा क्रम अजूनहि कित्येक घरांत आहे. त्या पंगतीला भात असतो, भाजीचा रस असतो. वरणाच्या तळाला राहिलेलें पाणी असतें. लिंबाच्या फोडी पहिल्याच पंगतींत संपलेल्या असतात. सुनेचे केंस मूठ-मूठ गळतात, ओंठांच्या कडा फुटतात, बाळंतपणाचा टांका लवकर भरत नाहीं, आणि मग तिच्यासाठीं महागडी पूड मागविली जाते. तिला लोह पुरेसें नाहीं, प्रथिन पुरेसें नाहीं. वेणीचे पदरच नाहींत, तेथें पूड काय करील? जी बाई सर्वांना वाढते तिच्यासाठीं घट्ट वरणाची एक वाटी, दह्याची एक वाटी आणि लिंबाची एक फोड आधींच बाजूला काढून झांकून ठेवावी. हें काम सासूबाईंनीं हातीं घेतलें तर तें टिकेल. सून स्वतःसाठीं कधींच काढून ठेवणार नाहीं, हें आम्ही पुष्कळ घरें पाहून लिहीत आहों.

दुसरी उपेक्षित व्यक्ति म्हणजे दांत गेलेली आजी. तिचें चार दांतांचें जेवण म्हणजे मऊ भात, चहांत बुडविलेली पोळी किंवा बिस्किट, साबुदाण्याची पेज. आंबटानें दांत शिवशिवतात म्हणून लिंबू बंद, बोचतें म्हणून पेरू बंद, वात होतो म्हणून डाळ बंद. हें कांहीं महिने चाललें कीं पोटऱ्यांवर जांभळे डाग येतात, हिरड्या दुखतात, थोडें खरचटलें तरी कातडी सोलते. सगळे म्हणतात, वय झालें. वय तर झालेंच असतें. पण खलाशांचा तो रोग अशा एकट्या-दुकट्या म्हाताऱ्या माणसांत आजहि आढळतो, आणि डॉक्टरांनीं ओळखला तर क जीवनसत्त्वानें आठ-पंधरा दिवसांत फरक दिसूं लागतो. आजीच्या पानांत मऊ मुगाचें वरण, ताक, आणि पेरूचा बी काढलेला गर किंवा आवळ्याचा रस मधांत कालवून चमचाभर, इतकें तरी रोज असावें. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पाठीवर जखमा होऊं नयेत यासाठीं कूस बदलणें आणि हें अन्न, दोन्ही सारखींच आवश्यक आहेत.

उपवासांचेंहि तेंच. एकादशी, सोमवार, चतुर्थी आणि चातुर्मासांतले नेम मिळून कांहीं घरांतील बायकांचे महिन्यांत आठ-आठ दिवस साबुदाण्यावर जातात. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. आम्ही उपवासाच्या विरुद्ध नाहीं. पण याच जिल्ह्यांतील जुन्या मालगुजारी तलावांत शिंगाडा होतो, राजगिरा कोठेंहि मिळतो, दाणे आहेत, दूध-दही आहे, रताळें आहे. यांतील एकहि पदार्थ उपवासाला वर्ज्य नाहीं. खिचडीला त्यांचा शेजार मिळावा. पन्नाशीच्या पुढच्या बायकांना तर याची विशेष जरुरी, कारण विटाळ कायमचा गेल्यावर पहिल्या पांच वर्षांत त्वचेंतील कोलॅजन सुमारें तीस टक्क्यांपर्यंत उतरतें असें मोजमाप आहे. तें वयाचें देणें आहे, अन्नानें चुकविता येत नाहीं; अन्नाच्या उणिवेनें तें वाढूं मात्र शकतें.

येथवर कोलॅजन कमी पडण्याची कथा झाली. चंद्रपूर-गडचिरोलींत त्याच्या अतिरेकाचीहि कथा आहे, आणि ती अधिक भयंकर आहे. भाजलेली सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नींत घोळून केलेला खर्रा या भागांत लहानथोर सर्वत्र खातात. सुपारींतील अर्क गालाच्या आंतील पेशींना कोलॅजन करण्यास चेतवितो. तिच्यांतील तुरट द्रव्यें तयार झालेल्या कोलॅजनला अशीं कमावतात कीं शरीराला तें मोडतां येत नाहीं, चांभार कातडें कमावतो तसें. आणि सुपारींत असलेल्या तांब्यानें टांके घालणारें विकर अधिकच जोर करतें. परिणाम असा कीं गालाच्या आंतलें मऊ अस्तर दोरखंडासारखें ताठ होतें. आधीं तिखट लागलें कीं आग होते, मग अस्तर पांढुरकें पडतें, मग तोंड उघडेनासें होतें. १९५२ सालीं पूर्व आफ्रिकेंतील पांच हिंदी स्त्रियांत याचें पहिलें वर्णन झालें आणि १९५३ सालीं मुंबईच्या डॉ. जोशी यांनीं त्याचें स्वतंत्र वर्णन केलें. झालेला ताठरपणा सहसा पुरा परत जात नाहीं, आणि यांतील कांहींना पुढें तोंडाचा कर्करोग होतो. गडचिरोलींत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ संस्था, शासन आणि टाटा न्यास यांनीं मिळून २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ ही दारू-तंबाखूविरुद्धची मोहीम चालविली ती याच कारणानें.

आमच्या वाचकांच्या घरांत खर्रा येत नसेल. पण पानाचें तबक येतें. अडकित्ता येतो, सुगंधी सुपारीचा डबा येतो, आणि जेवणानंतर लहान मुलाच्या हातावर चिमूटभर गोड सुपारी ठेवली जाते. तंबाखू नाहीं म्हणून ती निरुपद्रवी, हा समज चुकीचा आहे. जागतिक कर्करोग संशोधन संस्थेनें २००३ सालीं भरलेल्या आपल्या बैठकींत तंबाखूविरहित सुपारीसुद्धां कर्करोगकारक ठरविली. वरील पांच स्त्रियाहि अशाच, सुपारी खाणाऱ्या. ज्यांना वर्षानुवर्षे संवय आहे त्यांनीं आरशासमोर उभें राहून आपल्याच हाताचीं तीन बोटें एकावर एक उभीं धरून तोंडांत जातात कीं नाहीं तें पाहावें. न गेल्यास, किंवा साध्या आमटीनेंहि तोंड पोळत असल्यास, दंतवैद्यांकडे जावें आणि सुपारी त्याच दिवशीं बंद करावी. सुपारी चालू ठेवून आवळा खाल्ल्यानें कांहीं साधणार नाहीं.

उरलेल्या गोष्टी लहान आहेत. लहान मुलांचीं कोपरें व गुडघे खवखवीत, कांटेरी होतात त्याला बेडकाची कातडी म्हणतात. तें बहुधा चांगलें तेल आणि ब गटांतील जीवनसत्त्वें कमी पडल्याचें लक्षण. विदर्भांतील जवसाची चटणी, तीळ, हातसडीचे तांदूळ आणि पालेभाज्या यांनीं तें सुधारतें. महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला सोळा भाज्या होतात. त्यांतील निम्म्या जरी भाद्रपदाबाहेर ताटांत आल्या तर पुष्कळ झालें. पावसाळ्यांत कोंवळा तरोटा आणि काटवल फुकटासारखे मिळतात. ऊन हाहि कोलॅजनचा वैरी आहे. चंद्रपुरांत वैशाखांत पारा ४६-४७ अंशांवर जातो, आणि सूर्याचे अतिनील किरण त्वचेंतील वीण कुरतडणारीं विकरें जागीं करतात. तेथील लोक दुपट्ट्यानें डोकें-तोंड गुंडाळून बाहेर पडतात. शहरांतील कोणत्याहि लेपापेक्षां ती युक्ति स्वस्त आहे.

एक गोष्ट मात्र लहान नव्हे. अंगावर फिकट किंवा तांबूस चट्टा उठला आणि त्यावर स्पर्श कळत नसला, तर त्याला आहार जबाबदार नाहीं. दूध-मासे एकत्र खाल्ल्याचा तो परिणाम, असा समज धरून महिने घालवूं नयेत. हे दोन्ही जिल्हे कुष्ठरोगाचे जुने क्षेत्र आहेत. वरोऱ्याला बाबा आमटे यांनीं १९४९ सालीं महारोगी सेवा समिति काढली ती उगाच नव्हे. १९८१ पासून बहुऔषधी उपचार उपलब्ध आहे, सरकारी दवाखान्यांत तो विनामूल्य मिळतो, वेळेवर घेतला तर रोग पूर्ण बरा होतो आणि बोटें शाबूत राहतात. कुळाच्या नांवाची भीति बाळगून चट्टा लपविणाऱ्या घरांत मुलीच्या हाताचें कायमचें नुकसान होतें.

तबकांत सुपारीऐवजीं काय ठेवावें, असें पत्रांतून विचारलें जाईल म्हणून आवळ्याच्या सुपारीची कृति देतों. अर्धा किलो ताजे, डाग नसलेले आवळे धुऊन, पुसून कच्चेच किसावेत, उकडूं नयेत. त्यांत दोन चमचे आल्याचा कीस, एक चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड, काळें व साधें मीठ चवीपुरतें घालावें. साखर नको. हा कीस स्टीलच्या किंवा चिनीमातीच्या ताटांत पातळ पसरावा आणि वर विरळ कापड टाकून सावलींत, वाऱ्यावर तीन-चार दिवस वाळवावा; कडक उन्हांत क जीवनसत्त्व अधिक जातें. हातांत चुरला जाईल इतका कोरडा झाला कीं लहान काचेच्या बरण्यांत घट्ट झांकण लावून भरावा. एकच मोठी बरणी करूं नये, कारण ती रोज उघडली कीं हवा लागून कीस मऊ पडतो व त्याचा कस जातो.